आफ्रिकन सिक्लिड आणि घरची मत्स्यटाकी : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

आफ्रिकन सिक्लिड म्हणजे नेमके कोणते मासे?

सिक्लिड हे माशांचे फार मोठे कुळ आहे. एंजलफिश, डिस्कस आणि ऑस्कर हे दक्षिण अमेरिकेतले मासे याच कुळातले, आणि खाण्यासाठी पाळला जाणारा तिलापियाही याच कुळातला. मत्स्यपालक मात्र ‘आफ्रिकन सिक्लिड’ म्हणतात तेव्हा त्यांच्या डोळ्यांसमोर पूर्व आफ्रिकेतली मलावी, टांगानिका आणि व्हिक्टोरिया ही तीन मोठी सरोवरे असतात. एकट्या मलावीत सिक्लिडच्या कित्येक शे जाती आहेत, टांगानिकात सुमारे अडीचशे आहेत, आणि यांपैकी बहुतेक जाती त्या त्या सरोवराखेरीज जगात इतरत्र आढळत नाहीत. या माशांच्या घशात दुसरा जबडा असतो. अन्न चावण्याचे काम तो करतो, त्यामुळे पुढचा जबडा शेवाळ खरवडायला, वाळू चाळायला किंवा दुसऱ्या माशांची पिल्ले गिळायला मोकळा राहतो. एकाच सरोवरात इतक्या जाती कशा निर्माण झाल्या, याचे एक कारण या दुहेरी जबड्यात शोधले जाते.

आफ्रिकेतला प्रत्येक सिक्लिड या वर्गात बसत नाही, हेही ध्यानात ठेवावे. पश्चिम आफ्रिकेच्या नद्यांमधला क्रिबेन्सिस मऊ, म्हणजे कमी क्षारांच्या पाण्यातला मासा आहे आणि त्याला खालील सल्ला लागू पडत नाही.

मबुना, पीकॉक आणि हॅप या शब्दांचा अर्थ काय?

हे तिन्ही शब्द मलावी सरोवरातल्या माशांसाठी वापरले जातात. मबुना हा सरोवराकाठच्या टोंगा भाषेतला शब्द असून किनाऱ्यालगतच्या खडकांत राहणाऱ्या माशांना तो लावला जातो. मबुना साधारण ८ ते १३ सेंटिमीटरपर्यंत वाढतात, दिवसभर दगडांवरचे शेवाळ खरवडत असतात आणि आपल्या कपारीसाठी जीव खाऊन भांडतात. पीकॉक म्हणजे ऑलोनोकारा प्रजातीतले मासे. यांच्या खालच्या जबड्यावर संवेदनशील खळगे असतात आणि त्यांच्या साहाय्याने ते वाळूत दडलेल्या बारीक किड्यांची हालचाल टिपतात. पीकॉक वाळूच्या अगदी जवळ अधांतरी थबकून ‘ऐकत’ राहिलेला दिसतो आणि मग एकदम तोंड खुपसतो. हॅप हे हॅप्लोक्रोमिस या जुन्या प्रजातिनामाचे लघुरूप आहे. मोकळ्या पाण्यात हिंडणारे आणि बहुधा इतर मासे खाणारे मोठे सिक्लिड त्यात येतात, व त्यांतले काही ३० सेंटिमीटरच्या घरात जातात.

माझ्या माशांना रंग का येत नाही?

हा प्रश्न सर्वांत जास्त विचारला जातो, आणि त्याचे उत्तर बहुतेक वेळा खाद्याच्या डब्यावर सापडत नाही. या माशांमध्ये रंग ही सत्तेची खूण असते. टाकीतला जो नर आपली जागा राखून असतो तो पूर्ण रंगात येतो. त्याच्याशी हरलेला दुसरा नर फिकट, राखाडी होतो आणि मादीसारखा दिसू लागतो, कारण तसे दिसण्यातच त्याची सुरक्षितता असते. वरचढ नर टाकीतून काढून घेतला, तर काल मातकट दिसणारा मासा काही दिवसांतच निळा होताना पाहायला मिळतो. तेव्हा रंग नाही म्हणजे मासा आजारी आहे, असे लगेच समजू नये. आधी तो कोणाला घाबरतो ते पाहावे. अर्धा तास टाकीसमोर शांत बसले की ते कळते.

दुसरे कारण वय आणि लिंग. पीकॉक आणि हॅप यांच्या माद्या जन्मभर करड्याच राहतात आणि नरांची पिल्लेही कित्येक महिने तशीच दिसतात. त्यामुळे पाच सेंटिमीटरची पीकॉकची पिल्ले जर झगझगीत रंगांत दिसत असतील, तर त्यांना संप्रेरके दिलेली असण्याची शक्यता असते. असा रंग घरी आल्यावर उतरतो. मबुनांमध्ये चित्र वेगळे असते. लॅबिडोक्रोमिस सेरुलिअस, म्हणजे सर्वांच्या ओळखीचा यलो लॅब, याचे नर-मादी दोघेही पिवळेधमक असतात. गंमत अशी की ‘सेरुलिअस’ याचा अर्थ निळा. सरोवरात या जातीचे बहुतेक मासे पांढरट-निळसर असतात. पिवळा प्रकार एका छोट्या भागातला, पण टाक्यांमध्ये तोच सर्वत्र पसरला.

उरलेली कारणे किरकोळ आहेत. पांढरीशुभ्र वाळू आणि भगभगीत प्रकाश असेल तर मासे फिके पडतात, गडद पार्श्वभूमीवर ते खुलतात. स्पिरुलिना हे सूक्ष्म शेवाळ आणि कोळंबी असलेल्या खाद्याने रंगात भर पडते, पण दबलेल्या नराला कोणतेही खाद्य राजा बनवू शकत नाही.

टाकी किती मोठी हवी?

मबुनांसाठी १२० सेंटिमीटर, म्हणजे चार फूट लांबी ही किमान मर्यादा मानावी. १२० × ४५ × ४५ सेंटिमीटरच्या टाकीत काठोकाठ भरल्यास सुमारे २४० लिटर पाणी मावते. येथे लिटरपेक्षा लांबी आणि रुंदी महत्त्वाची असते, कारण पळणाऱ्या माशाला पाठलाग करणाऱ्याच्या नजरेआड होण्यासाठी अंतर लागते आणि ते उंच, अरुंद टाकीत मिळत नाही. हॅपसाठी पाच-सहा फूट लांबीचा विचार करावा. टाकी कशावर ठेवणार याचाही हिशेब आधीच करावा. २४० लिटर पाण्याचेच वजन २४० किलो होते. त्यात काच, वाळू आणि दगड मिळवले की साडेतीनशे किलोच्या आसपास भार एकाच जागी येतो. तो घरातल्या नेहमीच्या टेबलाने पेलण्याची अपेक्षा ठेवू नये.

पाणी कसे असावे?

मलावी सरोवराच्या पाण्याचा पीएच साधारण ७.८ ते ८.६ या दरम्यान असतो, टांगानिकाचा त्याहून वर, ९ च्या आसपास जातो. तापमान २४ ते २७ अंश सेल्सिअस ठेवावे. आफ्रिकन सिक्लिडना ‘अतिशय जड’ पाणी लागते अशी एक सार्वत्रिक समजूत आहे, ती पूर्णपणे बरोबर नाही. टांगानिकाचे पाणी खरोखर जड आहे, पण मलावीचे पाणी मुळात फार जड नसून अल्कधर्मी आहे. म्हणजे त्यात कॅल्शियम-मॅग्नेशियम माफक असते, पण बायकार्बोनेट पुरेसे असल्यामुळे पीएच वर टिकून राहतो. टेस्ट किटच्या भाषेत सांगायचे तर जीएचपेक्षा केएचकडे अधिक लक्ष द्यावे. जीएच म्हणजे पाण्यातल्या कॅल्शियम-मॅग्नेशियमचे माप, तर केएच म्हणजे पाण्याची आम्ल पचवण्याची ताकद. माशांच्या विष्ठेतून आणि जिवाणूंच्या कामातून टाकीत रोज थोडे आम्ल तयार होत असते. केएच पुरेसा असला की ते गिळले जाते आणि पीएच जागचा हलत नाही, केएच संपला की पीएच एका रात्रीत घसरू शकतो.

येथे माझे ठाम मत नोंदवतो : बाजारात मिळणाऱ्या ‘पीएच वाढवा’, ‘पीएच घटवा’ अशा बाटल्या घेऊन आकड्यामागे धावू नये. टाकीत पिढ्यान्‌पिढ्या वाढलेला मबुना ७.६ वर उत्तम राहतो, पण सोमवारी ७.४ आणि गुरुवारी ८.४ असे झोके त्याला सोसत नाहीत.

पाणी मऊ असेल तर काय करावे?

पाणी बदलताना नव्या पाण्यात खाण्याचा सोडा मिसळावा. १०० लिटर पाण्यात ३ ग्रॅम सोडा घातला की केएच सुमारे एका अंशाने वाढतो. जीएच वाढवण्यासाठी एप्सम सॉल्ट वापरता येते आणि त्याचे प्रमाण १०० लिटरला सुमारे साडेचार ग्रॅमला एक अंश असे पडते. दोन्ही पदार्थ आधी बादलीत विरघळवावेत, कोरडी पूड थेट टाकीत टाकू नये. केएच ६ ते ८ अंशांपर्यंत न्यायचा असेल, तर तो आठवडाभरात हळूहळू न्यावा, आणि पुढे दर वेळी पाणी बदलताना बदललेल्या पाण्यापुरतेच प्रमाण घालावे. संपूर्ण टाकीचे प्रमाण पुन्हा घातल्यास क्षार साठत जातात. प्रवाळाचा चुरा किंवा ॲरागोनाइट वाळू फिल्टरमध्ये अथवा तळाशी ठेवली तर ती मंदपणे विरघळत राहते आणि विस्मरणाच्या काळात आधार देते. पाणी उडून जाते तेव्हा क्षार मागेच राहतात, हे विसरू नये. उडालेल्या पाण्याची तूट साध्या किंवा आरओच्या पाण्याने भरावी, सोडा घातलेल्या पाण्याने नव्हे.

टाकी भरल्याच्या दिवशीच मासे सोडता येतील का?

नाही. आणि या माशांच्या बाबतीत तर अजिबात नाही.

माशांच्या कल्ल्यांतून आणि विष्ठेतून अमोनिया बाहेर पडतो. जिवाणूंचा एक गट त्याचे नायट्राइटमध्ये आणि दुसरा गट नायट्राइटचे नायट्रेटमध्ये रूपांतर करतो. हे जिवाणू फिल्टरमधल्या स्पंजवर आणि दगडांवर वसायला चार ते सहा आठवडे लागतात. अल्कधर्मी पाण्यात हा प्रश्न अधिक तीव्र होतो, कारण पीएच चढला की अमोनियाचा विषारी अंश वाढतो. २६ अंश तापमानाला पीएच ७ असताना एकूण अमोनियापैकी अर्ध्या टक्क्याहून किंचित अधिक भाग विषारी रूपात असतो, पीएच ८.२ झाला की तोच भाग ९ टक्क्यांच्या जवळ पोहोचतो. म्हणजे गप्पी माशांच्या टाकीत ज्या चुकीवर पांघरूण पडले असते, तीच चूक येथे कल्ले जाळते. टाकीत मासे न सोडता शुद्ध अमोनियाचे थेंब किंवा चिमूटभर खाद्य घालून जिवाणू वाढवावेत. अमोनिया आणि नायट्राइट दोन्ही शून्यावर येऊन नायट्रेट दिसू लागले की टाकी तयार झाली असे समजावे. जुन्या, निरोगी टाकीतला स्पंज मिळाला तर हा काळ बराच कमी होतो. नळाच्या पाण्यातले क्लोरीन हेच जिवाणू मारते, म्हणून क्लोरीन घालवणारे द्रव्य प्रत्येक वेळी वापरावे.

फिल्टर कोणता आणि पाणी किती बदलावे?

टाकीतले पाणी तासाला किमान सहा ते आठ वेळा फिल्टरमधून जाईल इतकी क्षमता असावी. मोठ्या टाकीला एका दांडग्या फिल्टरपेक्षा दोन मध्यम फिल्टर बरे, कारण एक बंद पडला तरी दुसरा मासे जगवतो. आठवड्याला ३० ते ५० टक्के पाणी बदलावे आणि नायट्रेट लिटरला ४० मिलिग्रॅमच्या खाली, शक्यतो २० च्या जवळ ठेवावे. स्पंज टाकीतून काढलेल्या पाण्यातच पिळावा.

दगड आणि वाळू कशी रचावी?

मबुनांच्या टाकीत दगड ही वसाहत असते. चुनखडी चालते, कारण ती पीएच वर ठेवायला मदत करते. गुळगुळीत नदीगोटे आणि निष्क्रिय खडकही चालतात. तीक्ष्ण कडांचे आणि धातूची चमक असलेले दगड टाळावेत. दगड जवळजवळ पृष्ठभागापर्यंत रचावेत, आणि एकाच मोठ्या ढिगाऐवजी मध्ये मोकळी जागा सोडून दोन-तीन ढीग करावेत, म्हणजे एकाच नराला सगळ्या टाकीवर ताबा मिळवता येत नाही. प्रत्येक कपारीला दोन तोंडे असावीत. एकच तोंड असलेली गुहा दुबळ्या माशासाठी सापळा ठरते.

रचनेचा क्रमही महत्त्वाचा आहे. हे मासे अट्टल खणणारे आहेत : तोंड भरून वाळू घेतात, दोन फूट दूर नेऊन थुंकतात आणि एका आठवड्यात काच दिसेपर्यंत खड्डा करतात. माझ्या पहिल्या टाकीत मी आधी वाळू पसरली आणि तिच्यावर दगड रचले. तीन आठवड्यांनी रात्री खोलीत ‘ठक्’ असा आवाज झाला. खालची वाळू खणली गेल्याने नारळाएवढा दगड कलंडून हीटरला घासत काचेला टेकला होता. काच तडकली नाही, पण त्या रात्री झोप लागली नाही. तेव्हापासून मी आधी तळकाचेवर प्लॅस्टिकची जाळी, तिच्यावर थेट दगड आणि शेवटी दगडांच्या भोवती वाळू, हाच क्रम पाळतो. हीटरला संरक्षक जाळी असावी आणि टाकीला झाकण असावे, कारण पाठलागात मासा सहज बाहेर उडी मारतो.

वनस्पती लावता येतात का?

अनुबियास आणि जावा फर्न दगडाला बांधल्यास बहुधा टिकतात, कारण त्यांची पाने चिवट असतात. पीकॉकच्या टाकीत व्हॅलिस्नेरियाही तग धरते. बाकीच्या वनस्पती म्हणजे कोशिंबीर समजावी.

किती मासे ठेवावेत? गर्दी केली की भांडणे कमी होतात, हे खरे का?

हे खरे आहे, पण अर्धवट सांगितले जाते. मबुनांच्या टाकीत पाच-सहाच मासे असतील, तर वरचढ नर सगळा राग एका दुबळ्या माशावर काढतो आणि तो मासा काही दिवसांत मरतो. त्याच टाकीत वीस मासे असले की रोख सतत बदलत राहतो आणि कोणाच्याही वाट्याला जीवघेणा मार येत नाही. म्हणून चार फुटी टाकीत १८ ते २४ मबुना ठेवण्याची पद्धत रूढ झाली आहे. मात्र या पद्धतीची किंमत दुप्पट फिल्टर आणि न चुकता पाणी बदलणे ही असते. ज्याला दर आठवड्याला बादल्या उचलणे जमणार नसेल, त्याने या वाटेला जाऊ नये. हा नियम मबुनांपुरता आहे. हॅपना गर्दी मानवत नाही, आणि टांगानिकाच्या बहुतेक माशांनाही नाही.

एका नरामागे तीन ते चार माद्या असाव्यात, नाहीतर एकट्या मादीचा पाठलाग करून नर तिला दमवून मारतो. एकसारख्या दिसणाऱ्या दोन जाती एकत्र ठेवू नयेत, कारण या माशांचा सर्वाधिक राग आपल्यासारख्या दिसणाऱ्यावर असतो. नवे मासे आणायचे असतील तर एकेकटे आणू नयेत. चार आठवडे वेगळ्या टाकीत विलगीकरण करून, दगडांची रचना बदलून, दिवे मालवल्यावर चार-पाच मासे एकदम सोडावेत. रचना बदलली की जुन्यांच्याही सीमा पुसल्या जातात आणि सगळेच काही काळ नवखे होतात.

सुरुवात कोणत्या माशांनी करावी आणि कोणते टाळावेत?

यलो लॅब, रस्टी सिक्लिड, म्हणजे आयोडोट्रोफियस स्प्रेंजेरी, आणि स्यूडोट्रोफियस सोकोलोफी हे तीन मबुना एकत्र नांदतात आणि पिवळा, जांभळट-तपकिरी व फिका निळा असे रंग देतात. काही महिन्यांनी अनुभव आल्यावर रेड झीब्राचा विचार करावा.

टाळण्याच्या यादीत पहिले नाव ऑराटस या मबुनाचे. पिवळ्या अंगावर काळे-पांढरे पट्टे असलेली त्याची पिल्ले इतकी देखणी असतात की नवखा माणूस तीच उचलतो. मीही पाच उचलली होती. वर्ष उलटायच्या आत त्यांतला नर काळा पडला आणि पाचांपैकी दोनच उरले. इतर जातींच्या माशांचे पर फाटके झाले ते वेगळेच. केनी, म्हणजे मेलॅंडिया लोंबार्डोई, यातही नवख्याची फसगत होते : त्याची मादी निळी आणि नर पिवळा असतो, आणि तो तितकाच तापट असतो. डेमासोनी हा निळ्या-काळ्या पट्ट्यांचा चिमुकला मासा सुंदर आहे, पण आपल्याच जातीच्या माशांवर तो इतका उठतो की बारा किंवा त्याहून अधिकांचा जथा ठेवला तरच निभाव लागतो.

पीकॉक आणि मबुना एकत्र ठेवावेत का?

शक्यतो ठेवू नयेत. पीकॉक स्वभावाने मवाळ असतो, मबुनांच्या धसमुसळेपणात तो दबून राहतो आणि ज्या रंगासाठी त्याला आणले तोच रंग दिसत नाही. दोघांचे खाद्यही वेगळे असते. यलो लॅब आणि रस्टी हे त्यातल्या त्यात चालणारे अपवाद आहेत. केवळ रंगच हवे असतील आणि पैदास नको असेल, तर मोठ्या टाकीत पीकॉक आणि मध्यम आकाराच्या हॅप यांचे निरनिराळ्या रंगांचे फक्त नर ठेवणे हा सर्वांत समाधानकारक मार्ग आहे. मादी नसली की भांडणाचे मोठे कारणच उरत नाही.

खायला काय आणि किती द्यावे?

सरोवरातला मबुना दिवसभर दगडावरचा शेवाळाचा थर आणि त्यातले सूक्ष्म जीव खरवडून खातो. त्याचे आतडे लांब असते आणि ते तंतुमय, हलक्या अन्नासाठी घडलेले असते. त्यामुळे स्पिरुलिनायुक्त खाद्य हा मुख्य आहार ठेवावा आणि अधूनमधून उकडलेला वाटाणा सोलून किंवा पालकाचे पान द्यावे. मांस, प्राण्यांचे काळीज, ट्युबिफेक्स किडे यांसारखे स्निग्ध पदार्थ मबुनांना देऊ नयेत. पीकॉक आणि हॅपना प्रथिने अधिक लागतात. कोळंबी, किंवा क्रिल आणि मायसिस हे कोळंबीसारखे बारीक जलचर त्यांना चालतात. यलो लॅब निसर्गात किडेही खातो, त्यामुळे तो दोन्हीकडे जमवून घेतो.

दिवसातून दोनदा, अर्ध्या-एक मिनिटात संपेल इतकेच द्यावे. टाकीजवळ कोणी आले की हे मासे काचेशी गर्दी करून उपाशी असल्याचा असा काही आव आणतात की घरातला प्रत्येक जण चिमूटभर टाकून जातो. खाऊ घालण्याचे काम एकाच व्यक्तीकडे असावे.

मासा खात नाही, पोट फुगले आहे आणि विष्ठा पांढरी, दोऱ्यासारखी आहे. काय करावे?

ही लक्षणे ‘मलावी ब्लोट’ या नावाने ओळखल्या जाणाऱ्या आजाराची आहेत. त्याच्या कारणाबद्दल एकमत नाही. आतड्यातले परजीवी, चुकीचा आहार, खराब पाणी आणि सततचा छळ या सर्वांचा त्यात हात असतो असे मानले जाते. पोट फुगण्याआधी मासा खाद्य तोंडात घेऊन थुंकू लागतो, आणि उपचाराची खरी वेळ तीच असते. त्या माशाला वेगळे काढावे, मुख्य टाकीतले पाणी बदलावे, दोन-तीन दिवस सर्वांचे खाणे थांबवावे. मेट्रोनिडाझोल हे यावर सामान्यतः वापरले जाणारे औषध आहे. मात्र त्याचे प्रमाण माशांची माहिती असलेल्या पशुवैद्याकडून ठरवून घ्यावे. डोळे बाहेर आले आणि खवले उभे राहिले की मासा वाचणे कठीण असते.

मादी खात नाही, पण पोटाऐवजी गळा फुगलेला दिसतो. हाही आजार आहे का?

नाही, तिच्या तोंडात अंडी आहेत.

मलावीतले जवळजवळ सर्व सिक्लिड पिल्ले तोंडात वाढवतात. नर सपाट दगडावर किंवा वाळूत जागा साफ करतो आणि अंग थरथरवत मादीला बोलावतो. दोघे एकमेकांभोवती गोल फिरतात. मादी एखाद-दुसरे अंडे घालते आणि मागे वळून लगेच ते तोंडात घेते. नराच्या पोटाखालच्या मागच्या परावर पिवळट-नारिंगी गोल ठिपके असतात, ते हुबेहूब अंड्यांसारखे दिसतात. मादी त्या ठिपक्यांपाशीही तोंड नेते, आणि त्याच वेळी नराने सोडलेले शुक्राणू तिच्या तोंडातल्या अंड्यांपर्यंत पोहोचतात. त्यानंतर सुमारे तीन आठवडे ती जवळजवळ काहीच खात नाही. तिच्या जबड्याची मंद, चघळल्यासारखी हालचाल चालू असते. ती अंडी फिरवत असते, म्हणजे प्रत्येकाला ताजे पाणी मिळते. अठराव्या दिवसाच्या सुमारास गळ्याची त्वचा इतकी ताणली जाते की नीट प्रकाश असल्यास आतले काळे डोळे मोजता येतात.

पिल्ले वाचवायची असतील तर मादीला त्या सुमारास, शक्यतो अंधारात, लहान वेगळ्या टाकीत हलवावे. घाबरवल्यास ती अंडी गिळते किंवा थुंकते; पहिलटकरीण असेल तर ती हमखास असे करते. बाहेर येणारी पिल्ले सुमारे सेंटिमीटरभर लांब आणि पूर्ण घडलेली असतात. जातीप्रमाणे ती दहा असतात किंवा पन्नासही असतात. बारीक चुरलेले खाद्य ती पहिल्या दिवसापासून खातात. मादीला पुन्हा मोठ्या टाकीत सोडण्याआधी आठवडाभर खाऊ घालून तिची ताकद भरून काढावी.

ओबी (ऑरेंज ब्लॉच) पीकॉक आणि ड्रॅगन ब्लड हे कोणत्या भागातले मासे आहेत?

ते कोणत्याच सरोवरातले नाहीत. ते माणसाने घडवलेले संकर आहेत. दिसायला मोहक आहेत आणि ते पाळण्यात काही गैर नाही, पण त्यांची पिल्ले शुद्ध जातीची म्हणून कोणाला देऊ नयेत. टाकीत संकर सहज होतो, कारण जवळच्या जातींना वेगळे ठेवणारी मुख्य भिंत मादीची निवड ही असते आणि ती निवड बरीचशी रंगावर चालते. व्हिक्टोरिया सरोवरात पाणी गढूळ झाले तेव्हा माद्यांना रंगांतला फरक दिसेनासा झाला आणि जाती एकमेकींत मिसळू लागल्या, असे संशोधकांना आढळले आहे. त्याच सरोवरात १९५० च्या दशकात सोडलेल्या नाईल पर्च या शिकारी माशाने कित्येक सिक्लिड जाती नामशेष केल्या, त्यामुळे टाकीत जपलेली व्हिक्टोरियाची शुद्ध वाणे मौल्यवान ठरतात.

घरात चार फुटी टाकीला जागा नाही. काहीच पर्याय नाही का?

आहे, आणि तो माझ्या मते या सगळ्या छंदातला सर्वांत रंजक आहे. टांगानिकातला निओलॅम्प्रोलोगस मल्टिफॅसिएटस हा मासा गोगलगाईच्या रिकाम्या शंखात राहतो. नर जेमतेम साडेचार सेंटिमीटरचा होतो, मादी त्याहून लहान असते. ६० लिटरच्या टाकीत पाच-सहा सेंटिमीटर जाडीचा बारीक वाळूचा थर आणि पंधरा-वीस रिकामे शंख दिले की त्यांची वसाहत उभी राहते. प्रत्येक मासा आपला शंख वाळूत हव्या त्या कोनात रुतवून घेतो. शेजाऱ्याने तोंडभर वाळू दारात टाकली तर ती लगेच उचलून परत फेकली जाते. रंग म्हणाल तर राखाडी पट्टे, बस्स. पण मलावीच्या रंगीत टाकीपेक्षा या टाकीसमोर पाहुणे जास्त वेळ थांबतात.

पिल्ले फार झाली तर ओढ्यात किंवा तळ्यात सोडावीत का?

कधीही सोडू नयेत. मोझांबिक तिलापिया हाही आफ्रिकन सिक्लिडच आहे, आणि जगभरच्या गोड्या पाण्यात शिरून त्याने स्थानिक माशांची काय अवस्था केली हे सर्वज्ञात आहे. जास्तीची पिल्ले दुसऱ्या पालकाला द्यावीत, किंवा मोठ्या टाकीत मादीला तिच्या मर्जीवर सोडावे. तिथे दोन-चार पिल्ले कपारीत लपून वाचतात आणि संख्या आपोआप आटोक्यात राहते.

दहा दिवस बाहेरगावी जायचे असेल तर?

पूर्ण वाढलेले निरोगी मासे आठवडाभर, किंबहुना दहा दिवसही, खाद्यावाचून सहज राहतात. मबुना तर दगडांवरचे शेवाळ खरवडत बसतात. निघण्याआधी दोन दिवस पाणी बदलावे आणि फिल्टर तपासावा, आयत्या वेळी नव्हे, कारण काही बिघडलेच तर ते आपण घरी असताना बिघडावे. वीज जाण्याची शक्यता असेल तर बॅटरीवर चालणारा एअर पंप जोडून ठेवावा, कारण इतक्या माशांच्या टाकीत भुकेच्या कितीतरी आधी प्राणवायू संपतो. शेजाऱ्यांना खाऊ घालायला सांगायचेच असेल, तर एकेका दिवसाचे खाद्य कागदाच्या पुडीत बांधून, तीनच पुड्या द्याव्यात आणि खाद्याचा डबा कुलपात ठेवून जावे.